स्थानिक महिला, विक्रोळी

सुरेखा, तुझ्या सरांनी तुला फसवलं. तुझ्याकडून वीरगाथा लिहून घेतली आणि ती तू लिहिलेलीच नाही असं छापून टाकलं. झालंय ते एवढंच. बाकी शाल, पुष्पगुच्छ, समई, भाषणं हे सगळं या एका गोष्टीवर पांघरलेलं कापड आहे.

आणि तू हसत हसत फसलीस, याचा मला त्याहून जास्त राग आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते. शाळेपासून तुझ्याशी तोंडावर बोलत आले. आता तू नाहीस म्हणून गोड बोलायला लागले, तर ही कोण बाई बोलतेय असं तुलाच वाटेल.

प्राचीला अंधेरीत नोकरी लागली आणि तू मला म्हणालीस, "मंदा, लेकीचं झालं. आता माझी पाळी." मला वाटलं, कुठे फिरायला जायचं म्हणतेस. तू एम. ए. मराठीला नाव घातलंस. दिवसभर दवाखान्याच्या काउंटरवर लोकांचे नंबर लावायचे आणि संध्याकाळी कॉलेज. मधल्या वेळात घाटकोपरला माझ्या दुकानात येऊन बसायचं. पुनर्विकासाला काढलेल्या इमारतींमधली जुनी सागवानी दारं-खिडक्या मी उचलते, घासून पुसून विकते. तिथं भुसा, धूळ, खिळे, आरडाओरडा. तुला तिथंच लिहायला सुचायचं. घरी शांत असतं म्हणून झोप येते, म्हणायचीस.

एक दिवस आलीस ती घाबरूनच. "सर्जनशील लेखनाचा प्रकल्प दिलाय गं. वीरगाथा लिहायची. सर म्हणाले, नायक आपला आपण शोधा."

"मग माझ्यावर लिही की."

"तू कसली वीर? तू तर गिऱ्हाईक पळवून लावतेस."

"पळून जातं ते गिऱ्हाईकच नसतं."

हे वाक्य तू लगेच लिहून घेतलंस. मला तेव्हाच कळायला हवं होतं की आता ही बाई माझं दुकान लुटणार.

वर्गातल्या बाकीच्यांनी किल्ले घेतले, घोडे घेतले, तलवारी घेतल्या. तू धुरपा घेतलीस. कुठल्या पोथीतली नाही, कुठल्या गावची नाही, तुझ्या डोक्यातून निघालेली. दुष्काळातल्या गावातून गाडग्यात विस्तव घेऊन निघालेली बाई. ती चालत चालत विक्रोळीच्या खाडीवर येते आणि चूल मांडते. खाडीचा राजा रोज भरतीला येतो, चूल विझवतो, जमीन परत घेऊन जातो. धुरपा त्याच्याशी लढत नाही. ती त्याच्याशी सौदा करते. अख्खा एक सर्ग नुसती घासाघीस. राजा गर्जतो, ही कंबरेवर हात ठेवून उभी. राजा लाटा आपटतो, ही म्हणते, ओरडून भाव वाढत नसतो. शेवटी ती पाठ फिरवून चालायला लागते आणि राजा मागून हाक मारतो, "ए बाई, थांब."

हे तू मला माझ्याच दुकानात, दोन दारांच्या मध्ये बसून वाचून दाखवलंस. मी म्हटलं, "ही तर मी!"

तू म्हणालीस, "तू थोड्या कमी शिव्या घातल्या असत्यास, तर ही तू झाली असतीस."

त्यातला 'चौकटीसकट' हा शब्द कुठून आला हे मला माहीत आहे, तुला माहीत होतं आणि तुझ्या सरांनाही माहीत आहे. म्हणून तो इथं सविस्तर सांगते. जुनं दार घ्यायला आलेलं माणूस नुसतं दार मागतं. मी चौकटीशिवाय देत नाही. नुसतं दार घरी नेलं की बसत नाही, सुतार शिव्या घालतो आणि गिऱ्हाईक भांडायला परत माझ्याकडे. म्हणून दुकानात माझं एकच पालुपद: चौकटीसकट न्यायचं तर न्या. त्या दिवशी पवईहून एक पोरगा आलेला, कॉफीचं दुकान सजवायला दार हवं होतं. तू खिडक्यांच्या थप्पीवर बसली होतीस.

"आंटी, सिर्फ दरवाजा चाहिए. फ्रेम नहीं."

"फ्रेम के बिना दरवाजे को क्या बोलते, मालूम है?"

"क्या?"

"टेबल."

तू इतकी हसलीस की थप्पीवरून खाली आलीस. पोरगा दार घेऊन गेला, चौकटीसकट. पुढच्या आठवड्यात धुरपा खाडीच्या राजाला सुनावत होती:

खाडीच्या राजा, हात दाव नीट,
जमीन दे मला चौकटीसकट.
नुसतं दार घेऊन लावू ते कशाला?
भरती आली की सांगू मी कुणाला?

मला कविता कळत नाही. पण हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. माझ्या तोंडचा रोजचा शब्द तू उचललास आणि तो एकदम मोठा करून ठेवलास. माझ्यावर आजवर कुणी काही लिहिलं नाही. लोकांनी माझ्याबद्दल बोललेलं मी ऐकलंय, ते लिहिण्यासारखं नसतं. तू माझ्या भांडखोरपणातून एक खाडी हटवलीस. त्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही. त्या दिवशी मी फक्त म्हटलं, "चहा सांगू का?" तेवढंच आलं तोंडातून. तू समजून घेतलं असशील.

वर्गात वाचलंस तेव्हाची गोष्ट तूच येऊन सांगितलीस. सरांनी विचारलं, चौकटीसकट म्हणजे काय हो? तू माझं दुकान सांगितलंस, पवईचा पोरगा सांगितलास, टेबल सांगितलंस. सगळा वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले, "वा! घाटकोपर थेट महाकाव्यात!" सांगताना तुझा चेहरा असा होता की मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि आपण पाणीपुरी खायला गेलो.

मग सरांनी तुला खोलीत बोलावलं. म्हणाले, "सुरेखाताई, हे तुम्ही लिहिलेलं वाटतच नाही."

तू ते मला कौतुक म्हणून सांगितलंस. मी विचारलं, "हे कौतुक आहे की आरोप?"

"तू पण ना! ते म्हणाले, तुमच्या समाजात मौखिक परंपरा फार समृद्ध आहे. हे तुमच्यातून आलंय. पिढ्यांचं आहे."

"कुठल्या पिढ्यांचं? तुझी आजी गायची?"

"आजी? आजी मालिका बघायची. मध्ये कुणी बोललं तर रिमोट फेकून मारायची."

आपण दोघी हसलो. तुझी माणसं जालन्याकडून आलेली बौद्ध, माझी कोकणातून गिरणीत आलेली. विक्रोळीच्या एकाच गल्लीत आपण वाढलो. तुझ्या घरात काय गायलं जायचं आणि काय नाही, हे मला तोंडपाठ आहे. धुरपा हे नाव त्या गल्लीत कुणी घेतलं असेल तर ते विहिरीवर भांडणाऱ्या एका शेजारणीचं म्हणून, आणि तेही दबक्या आवाजात. पण तुझे सर कधी त्या गल्लीत आले नाहीत. त्यांनी तुझं आडनाव बघितलं, विक्रोळी बघितलं आणि ठरवून टाकलं की ही बाई लिहू शकत नाही, हिच्याकडे काहीतरी जुनं सांभाळलेलं असणार. एखाद्या जुन्या इमारतीत शिरल्यासारखे ते तुझ्यात शिरले. माझ्या धंद्यात निदान इमारतीच्या मालकाला विचारून दार काढतात.

मग तू कलाकंद घेऊन आलीस. पुस्तक निघणार होतं. छपाईला जायच्या आधीची पानं सरांनी तुला दाखवली होती. वर त्यांचं नाव आणि त्याखाली 'संकलन व संपादन'.

"आणि तुझं नाव?"

"अगं, सरांना ती जुनीच वाटली! शेकडो वर्षं लोकांच्या तोंडी असावी अशी. याहून मोठं काय पाहिजे?"

"नाव पाहिजे."

"लोकगाथेला नाव नसतं, मंदा."

"ती लोकगाथा नाही. तू माझ्या दुकानात बसून लिहिलीस. भुसा झाडून झाडून लिहिलीस. मी चहा पाजलाय तिला."

"सर म्हणतात, विद्यार्थ्याचा प्रकल्प म्हटला की कुणी वाचत नाही. लोकपरंपरा म्हटलं की अभ्यासक येतात."

"मग येऊ देत ना तुझ्या नावाला."

"माझ्या नावाला कोण येणार?"

हे तू इतक्या साधेपणानं म्हणालीस की मला काही सुचेना. म्हणून मी ओरडले. मला सुचलं नाही की मी ओरडते, तुला माहीत आहे. तू कलाकंदाचा डबा बंद केलास आणि म्हणालीस, "तुला सगळ्यात माल दिसतो."

"आणि तुला सगळ्यात सर दिसतात."

तू गेलीस. डबा मात्र ठेवून गेलीस. भांडून जातानाही खायचं ठेवून जाणारी बाई! कसलं भांडण होणार असल्या माणसाशी?

त्यानंतर मी बरेच दिवस एकच गोष्ट आठवत बसले. आपण सातवीत असताना तू पावसाळ्यातल्या खाडीवर निबंध लिहिला होतास. बाईंनी तो वर्गात वाचला आणि विचारलं, "कुणाकडून लिहून घेतलास?" तू मान खाली घालून उभी. मी मागच्या बाकावरून ओरडले, "तिनंच लिहिलाय! माझ्यासमोर लिहिलाय!" मला वर्गाबाहेर काढलं. तू मात्र काहीच बोलली नाहीस. बाहेर येऊन मला म्हणालीस, "बाईंना खरंच आवडला असेल, म्हणून विचारलं."

बघ म्हणजे. तेव्हाही तू हेच केलंस. तुझ्या तोंडावर कुणी थुंकलं तरी तू म्हणणार, पाऊस बरा पडतोय. तेव्हा म्हणाले, चोरलंस. आता म्हणतात, तुला सापडलं. तू स्वतः केलंस, एवढं एक वाक्य कुणाच्या तोंडून निघत नाही. आणि तू दोन्ही वेळा आभार मानलेस. मला या गोष्टीची शिसारी येते, सुरेखा. माणसानं इतकं नम्र असू नये. नम्र माणसाच्या खिशात पहिला हात जातो.

मग तुला ताप आला. काय झालं, कसं झालं, ते मी सांगत बसणार नाही. हॉस्पिटलात तू एकदाच विचारलंस, "पुस्तक आलं का गं?" मी म्हटलं, "येईल." मला भांडायचं होतं, पण तुझ्या अंगात उत्तर द्यायची ताकद नव्हती आणि एकतर्फी भांडण मला जमत नाही. तू बरी झालीस की पुन्हा सुरू करू, असं मी मनात म्हटलं. आपलं भांडण तिथंच थांबलंय. तुझी बाजू अजून यायची आहे.

पुस्तक तू गेल्यावर आलं. कॉलेजनं शोकसभा आणि प्रकाशन एकाच कार्यक्रमात उरकलं. एकाच हारात दोन्ही कामं. स्टेजवर तुझा फोटो, फोटोशेजारी पुस्तकांचा ढीग, ढिगावर गुलाबी रिबीन. रिबीन कापताना कुणालाही काही वाटलं नाही. टाळ्या वाजल्या. तुझ्या फोटोसमोर टाळ्या वाजल्या गं.

तुझे सर माइकवर आले. गळा दाटून आणता येतो त्यांना, छान जमतं. म्हणाले, "आपल्या एक महत्त्वाच्या माहितीदात्या आपल्यातून निघून गेल्या."

माहितीदात्या. जसं काही तू दवाखान्याच्या काउंटरवरून त्यांना पत्ता सांगितलास.

प्राचीला शाल दिली, पुस्तक दिलं. तिनं ते उघडलं, एक पान वाचलं आणि तसंच उघडं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. त्या पानावर लिहिलं होतं: 'निवेदक : स्थानिक महिला, विक्रोळी.'

मी पानं उलटली. सौद्याचा सर्ग शोधला. तुझ्या चार ओळी होत्या, जशाच्या तशा. खाली बारीक अक्षरात टीप होती: 'चौकटीसकट : सीमापूजनाच्या एखाद्या प्राचीन विधीशी निगडित शब्द असावा.'

हे अज्ञान असतं तर मी सोडून दिलं असतं. ज्याला माहीत नाही त्याच्यावर मी चिडत नाही, त्याला महाग विकते. पण या माणसानं तुझ्या तोंडून त्या शब्दाची गोष्ट ऐकली होती. हसला होता त्यावर. आणि मग घरी जाऊन, टेबलाशी बसून, शांत डोक्यानं त्यानं 'असावा' लिहिलं. कारण माझं दुकान त्यात आलं की धुरपा आजची ठरते. आजची ठरली की तिला लिहिणारी बाई लागते. लिहिणारी बाई आली की संकलन करणाऱ्याला उठावं लागतं. त्या एका 'असावा'नं त्यानं तुला गावभरच्या तोंडात पसरवून टाकलं, म्हणजे तू कुठंच दिसू नयेस.

मी उभी राहिले. "सर, हा प्राचीन विधी माझ्या दुकानात रोज होतो. घाटकोपरला या, दाखवते."

माना वळल्या. कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"ही गाथा सुरेखानं लिहिली आहे. तुमच्या वर्गात तिनं ती वाचली. इथं बसलेल्या सगळ्यांनी ऐकली. विचारा त्यांना."

सरांनी माइक जवळ घेतला. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो. आपण सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या."

सगळे उभे राहिले. मी आधीच उभी होते. काय करणार? तुझ्यासाठी पाळलेल्या शांततेत मी कशी ओरडणार? त्या माणसानं तुझ्याच नावानं माझं तोंड बंद केलं. तुझ्या वर्गातली सगळी पोरं, बाया, बापे समोर माना खाली घालून उभे. एकजण डोळा वर करून माझ्याकडे बघत होता, मी बघितलं तशी त्यानं मान आणखी खाली घातली. इतकी घाण शांतता मी आयुष्यात ऐकली नाही. आणि ती संपल्या संपल्या पहिला आवाज कशाचा आला सांगू? मागच्या बाजूला बटाटेवड्यांच्या प्लेटा मांडत होते, त्यांचा.

परत येताना रिक्षात प्राची माझ्या शेजारी बसली होती. आधी ती मला म्हणायची, "मावशी, सोड ना यार, आई खूश होती." त्या दिवशी मी वाट बघत होते, आता म्हणेल, मग म्हणेल. पूर्व द्रुतगती मार्गावर सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ती म्हणाली, "मावशी, विक्रोळी लिहायला जागा होती. सुरेखा लिहायला नव्हती?"

तुझी लेक आहे ती. माझ्या ओरडण्याला जे जमलं नाही, ते तिनं हळू आवाजात केलं.

चार दिवसांनी सरांचा फोन आला. मला वाटलं, निदान लाज वाटली असेल. म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत ऋणनिर्देशात सुरेखाताईंचं नाव आवर्जून घालू."

"लेखिका म्हणून?"

"सहकार्य म्हणून."

"तिनं लिहिलं, आणि सहकार्य केलं?"

"ताई, त्या स्वतः समाधानी होत्या हो. त्यांनी कधी आक्षेप घेतला नाही."

ऐकलंस? तुझा चांगुलपणा तो माणूस माझ्यासमोर सहीच्या कागदासारखा नाचवतो आहे. तू हसलीस, डबाभर कलाकंद वाटलास, ती तुझी संमती झाली. माझं अर्धं आयुष्य सौदे करण्यात गेलं. समोरचा कधी खरंच अडलाय आणि कधी नुसता खडा टाकून बघतोय, हे मला आवाजावरून कळतं. हा माणूस खडा टाकून बघत होता. मी फोन ठेवला. पहिल्यांदाच मी उलट भाव न सांगता फोन ठेवला. कारण या गोष्टीला भाव नाही, आणि हे मला कळायला तुला जावं लागलं, त्याचाही मला राग आहे.

एक सांगायचं राहिलं. तू मला म्हणायचीस, मंदा, तू वाचत नाहीस. मी वाचली, सुरेखा. सगळी वाचली, टिपा सोडून. शेवटी खाडी मागे सरते, धुरपा कोरड्या जमिनीवर चूल पेटवते आणि खाडीच्या राजालाच जेवायला बोलावते, तिथं मी रडले आणि मग तुझ्यावर चिडले. जिंकल्यावर हरलेल्याला कशाला जेवू घालायचं? तुला नीट जिंकताही येत नव्हतं बघ. पण लिहिता येत होतं. इतकं येत होतं की त्यांना ते शेकडो वर्षं मागे ढकलावं लागलं.

आता तू जरा बाजूला हो. तुझ्यासमोर मला नीट भांडता येत नाही, तू मध्ये पडतेस. यापुढचं मला त्यांच्याशी बोलायचंय.

सर, हे मी छापायला दिलं आहे, म्हणजे तुम्ही वाचालच. तुमचं नाव मी यात घातलेलं नाही. नाव नसलं की कसं वाटतं ते तुम्हीही जरा बघा. मला फोन करू नका. ऋणनिर्देश नको, शाल नको, पुढची आवृत्ती नको. सुरेखाची मुलगी विक्रोळीला राहते. तिच्या घरी या, तिच्यासमोर बसा, पुस्तक उघडा आणि त्या पानावर बोट ठेवून तिला सांगा: तिच्या आईचं नाव तुम्हाला माहीत होतं, ते लिहायला तुमचा हात का वळला नाही?